दार आवाज न करता मिटावे

८ जानेवारी

ताई,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू कार्यालयासारखी बोलतेस आणि पत्रात बहिणीसारखी, म्हणून पत्र. शिवाय सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा दर महिन्याला एक पत्र लिहायला लावून मला लिहिता ठेवलंस ते तूच. आता त्याची फळं भोग.

काम असं आहे. सरकारी दवाखान्यांसाठी बाराशे लॉकर हवेत अशी निविदा पोर्टलवर आली आहे. पेशंटच्या पलंगाशेजारी पत्र्याचं बुटकं कपाट असतं ना, वर औषधं, आत डबा आणि कपडे, तेच. खरेदी तुमच्या कार्यालयातून होणार. आणि पत्रा वाकवण्यात तुझ्या मावसभावाचा हात धरणारा कुणी नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे; निदान मला तरी आहे.

खरं सांगायचं तर शाळांच्या बाकांचं काम आटलंय. कारखान्यात अकरा माणसं आहेत. वेल्डरची मुलगी यंदा कॉलेजात गेली, रंगाऱ्याने लग्न ठरवलंय. मार्चपर्यंत मोठं काम आलं नाही तर पाच जणांना घरी बसवावं लागेल. ते पाच कोण, हे ठरवायची वेळ माझ्यावर येऊ नये एवढंच मागणं आहे.

तुला मी चोरी कर म्हणत नाही. माझे कागद एकदा नजरेखालून घाल, आणि तुमच्याकडे लॉकरचं जो कोणी बघतो त्याच्या कानावर घाल की हा माणूस आपला आहे, माल चोख देतो. बोलायला काय जातं?

तुझा,
खिळ्या
(इथे मला सगळे शेठ म्हणतात. पण रस्त्यावरचे खिळे वेचून भंगारात घालणारा पोरगा तू पाहिला आहेस, तुझ्यापुढे कसलं शेठपण.)


१५ जानेवारी

खिळ्या,

पत्र मिळालं. निविदा उघडी आहे. निकाल लागेपर्यंत मला पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस आणि घरीही येऊ नकोस.

शंका असतील तर निविदा भरण्यापूर्वी बैठक होते, तिथे सगळ्यांसमोर विचार. सगळ्यांना एकच उत्तर मिळतं. कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच आणि मोठ्याने वाच. तुला पाहिलेल्यापेक्षा ऐकलेलं जास्त कळतं.

भावजयीला म्हणावं, गुडघा शेकायचं थांबवू नकोस.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

नको म्हणालीस तरी लिहितोय. तू उत्तर देऊ नकोस, म्हणजे तुझा नियम शाबूत राहील. माझा काही नियम नव्हताच.

बैठकीला आलो होतो. तुला माहीतच आहे, कारण मी जिना चढत होतो आणि तू वरच्या पायरीवर उभी होतीस. मी 'ताई' म्हणायला तोंड उघडलं आणि तू चष्मा काढून पुसायला लागलीस. इतका वेळ पुसलास की काचा झिजल्या असतील. मागून चौदा पुरवठादार येत होते. बरं वाटलं नाही, एवढंच सांगतो.

तुझं एक मात्र ऐकलं. तपशील मोठ्याने वाचला, तुझी भावजय भाजी निवडत ऐकत होती. पत्र्याची जाडी एक सांगितलीय आणि पूर्ण लॉकरचं वजन दुसरं, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. एवढ्या जाड पत्र्याचं एवढं हलकं कपाट होणारच नाही. बैठकीत उभं राहून विचारलं. साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं, कागद उलटसुलट केले, आणि चार दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं. शेजारी एक जाडे शेठ बसले होते, या धंद्यात मुरलेले. मला कोपर मारून म्हणाले, "गप्प बसला असतात तर सगळेच पातळ पत्रा लावून सुटलो असतो. नवीन दिसताय."

नमुना जमा केला. झाला होता झकास, पण शेवटच्या दिवशी दार लावून पाहिलं तर 'खण्ण'. माझ्या कानाला ते सोसेना. फेल्टचा एक तुकडा पडला होता, जाड लोकरी कापड असतं ते. त्याची बोटभर रुंद पट्टी कापली आणि दाराच्या आतल्या कडेला चिकटवली. आता दार मिटतं ते नुसतं 'धप्'. तपशिलात हे कुणी मागितलेलं नाही. म्हटलं असू दे, फोटो काढायचा म्हटलं की माणूस केस विंचरतोच. तुमच्या लोकांनी नमुन्यावर सील मारलं आणि खोलीत ठेवून कुलूप लावलं.

उत्तराची वाट पाहत नाही.

खिळ्या


१८ मार्च

ताई,

काम आपल्याला मिळालं.

सकाळी वेल्डरने पोर्टल उघडून पाहिलं आणि मशीन बंद केलं. मला वाटलं, गेलं. तर म्हणाला, "शेठ, सगळ्यात कमी भाव आपला. कागद पास, नमुना पास." रंगारी त्याच रंगीत हातांनी मला मिठी मारून गेला, शर्टावर अजून पाठीमागे दोन पंजे आहेत. तुझी भावजय तो शर्ट धुवायला तयार नाही.

आता रुसवा सोडला. मला कळतंय ग सगळं. वरून ओळख दाखवायची नाही आणि आतून हात फिरवायचा, ही मोठ्या माणसांची रीत असते. जिन्यात तू पाहिलं नाहीस, पण जिथे बघायला हवं तिथे पाहिलंस. पाच माणसांचा संसार वाचवलास. तुझे उपकार मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलेत.

खिळ्या


२४ मार्च

खिळ्या,

ज्यांना ज्यांना सांगितलंस त्या प्रत्येकाला आजच्या आज सांग की ते खोटं होतं. कारण ते खोटं आहे.

मी काहीही केलेलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ते फाईलला लावलं आणि खाली लिहिलं, की अर्जदार माझा मावसभाऊ आहे, सबब या खरेदीचं काम माझ्याकडे नसावं. ते दुसऱ्या कक्षाकडे गेलं. नमुने आले तेव्हा मी त्या मजल्यावरही नव्हते. जिन्यात चष्मा पुसला, कारण तू 'ताई' म्हणाला असतास तर दुसऱ्या दिवशी चौदा तक्रारी आल्या असत्या, आणि तुझा अर्ज सगळ्यात आधी बाद झाला असता.

भाव तुझा कमी होता. कागद तुझे पूर्ण होते. बैठकीत प्रश्न तू विचारलास. आभार मानायचे तर स्वतःचे मान आणि भावजयीचे मान, तिने भाजी निवडत ऐकलं म्हणून.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक पुरवठादाराला सांगते. करारनामा सही करण्यापुरता वाचू नकोस. सगळी कलमं वाच.

अभिनंदन.

ताई


१० मे

ताई,

सगळ्यांना खरं सांगितलं. रंगारी म्हणाला, "म्हणजे आपण आपल्या जोरावर जिंकलो?" आणि दोन दिवस छाती काढून फिरला. मलाही बरं वाटलं, आणि माझ्या त्या पत्राची लाजही वाटली. ती लाज अजून ताजी असतानाच हे लिहावं लागतंय.

काल तपासणी झाली. बाराशे लॉकर तयार, अंगणापर्यंत रांगा. तपासनीस आले, बारीक अंगाचे, तोंडातून शब्द काढायला अर्ज करावा लागेल असे. टेम्पोतून सोबत माझाच सील केलेला नमुना आणलेला. त्यांनी पत्र्याची जाडी मोजली, वजन केलं, कुलपं फिरवली, फळीवर उभं राहून पाहिलं. सगळं बरोबर. मी चहा सांगितला, ते नको म्हणाले.

मग एका लॉकरचं दार उघडलं आणि लावलं. 'खण्ण.' नमुन्याचं दार उघडलं, लावलं. 'धप्.' पुन्हा एकदा हे आणि पुन्हा एकदा ते. मग नमुन्याच्या दाराच्या आत बोट फिरवून म्हणाले, "हे यात आहे. त्यात नाही." दिवसभरातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य.

मी म्हटलं, साहेब, ते तपशिलात नाहीच आहे, मी आपलं हौसेने लावलं होतं. ते म्हणाले, "नमुन्यात आहे." आणि लिहून दिलं: पंधरा दिवसांत नमुन्याबरहुकूम माल द्यावा, अन्यथा करार रद्द आणि दोन वर्षं सरकारी कामाला बंदी.

आता तूच सांग, न मागितलेली गोष्ट दिली तर तो गुन्हा होतो का? हौस मलाच नडली. आणि हौस तरी कसली. आई शेवटी वॉर्डात होती ना, दुपारी कुठे तिचा डोळा लागायचा आणि लॉकरचं दार 'खण्ण' वाजून ती दचकून उठायची. ती आयाबाई मुद्दाम आपटायची, मी कधी विसरलो नाही. नमुन्याचं दार वाजलं तेव्हा मला तो वॉर्डच ऐकू आला. म्हणून पट्टी लावली.

काम तर आता मिळालेलं आहे, निविदा संपली. त्या तपासनिसाला एक शब्द सांग ना, पट्टी तपशिलात नाही हे तुम्हालाही माहीत आहे म्हणून. बंदी आली तर पाच नाही, अकराही जण जातील.

खिळ्या


१३ मे

खिळ्या,

तपासनिसाला मी काही सांगणार नाही. तो बरोबर आहे.

का बरोबर आहे ते ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर स्ट्रेचर आले होते. नमुन्याच्या चाकांत बेअरिंग होत्या, आलेल्या मालात नव्हत्या. पुरवठादार म्हणाला, बाई, तपशिलात नुसतं 'चार चाके' लिहिलंय, मोजून घ्या. मी मोजली, चार होती, सही केली. पुढे सहा वर्षं त्या दवाखान्यातली माणसं ते स्ट्रेचर ढकलत नव्हती, पेशंटसकट उचलून नेत होती. तेव्हापासून करारात एक कलम आलं: तपशील आणि सील केलेला नमुना यांत जे सरस असेल ते पुरवठादारावर बंधनकारक. कलम तेवीस. ते माझ्या हुशारीने आलेलं नाही, माझ्या सहीने आलंय. तू ते वाचलं नाहीस.

कलम चोवीसही वाच. परत आलेला माल दुरुस्त करून एकदा पुन्हा तपासणीला देता येतो. तुझ्यापाशी अकरा दिवस आहेत.

आणि आयाबाईला उगाच बोल लावू नकोस. दार मी आपटत होते. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन धावत यायचे, परत वेळेत पोचायचं म्हणून डबा आत सरकवून पायानेच दार ढकलायचे. मावशी डोळे उघडून म्हणायची, "आलीस का ग?" मला वाटायचं, माझी वाट बघत जागी आहे. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मला खरं सांगितलं ते ती गेल्यावर. मावशीने त्यांना बजावलं होतं, पोरीला सांगू नका, नाहीतर यायची बंद होईल.

कामाला लाग.

ताई


२७ मे

ताई,

पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा शेवटचा भागच वाचला. आई तुला ओरडली नाही आणि मी इतकी वर्षं एका बिचाऱ्या आयाबाईला शिव्या घातल्या. कुठे असेल ती, तिचीही माफी मागतो.

मग कलम तेवीस वाचलं, मोठ्याने. रंगारी म्हणाला, "शेठ, हे तर स्वच्छ लिहिलंय." मी त्याला म्हटलं, आगाऊपणा पुरे.

फेल्ट त्या जाडीचं बाजारात कुठेच नव्हतं. बरं, रंगवलेला पत्रा गुळगुळीत, त्यावर पट्टी चिकटेना. आज लावली की उद्या जिभेसारखी बाहेर. नमुन्यात ती चिकटली होती कारण तिथे रंग थोडा खरवडलेला होता, हे तुझ्या भावजयीने शोधलं. म्हणजे बाराशे दारं आतून खरवडायची, पट्टी लावायची, चिमट्यात धरून दिवसभर ठेवायची. कारखान्यात चिमटे चाळीस. मग आमच्या गल्लीत कपडे वाळत घालायचे चिमटे शिल्लक राहिले नाहीत. वेल्डरची मुलगी कॉलेज बुडवून आली, तिच्या तीन मैत्रिणी आल्या. तुझी भावजय दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून बसल्या जागी रोज शंभर पट्ट्या कापायची.

पण फेल्ट आणलं कुणी, सांगू? जाडे शेठ. तेच, कोपर मारणारे. भावात दुसरा नंबर त्यांचाच होता. मी बुडालो असतो तर काम त्यांच्याकडे गेलं असतं. तरी बातमी कळल्यावर स्वतः गाडीत गुंडाळी घालून दारात उभे. मी हात जोडले तर म्हणाले, "उगाच पाया पडू नका. तुमचं गेलं तर सरकार मला तुमच्या भावात करा म्हणेल. त्या भावात करणारा वेडा एकच पुरे आहे." तरी जाताना थांबले, एक दार लावून पाहिलं, आणि पुन्हा लावून पाहिलं.

चोविसाव्या तारखेला तपासनीस आले. मधूनच कुठलेही बत्तीस लॉकर निवडले, बत्तीस दारं मिटली, डोळे बंद करून. माझ्यासारखाच कानाचा माणूस आहे. पास म्हणून लिहिलं, आणि या वेळी चहा घेतला.

चहा घेताना त्यांना कंठ फुटला. म्हणाले, "आमच्याकडे एक बाई आहेत. अकरा वर्षं झाली, लॉकरचा विषय निघाला की टिपण लिहितात: दार आवाज न करता मिटावे. दर वेळी वरून शेरा येतो: आवाज मोजण्याचे साधन नाही, सबब वगळावे. यंदा पहिल्यांदाच ही खरेदी त्यांच्या स्वतःच्या कक्षाकडे आली होती. तेव्हा कोणीतरी नातेवाइकाने त्यांना पत्र लिहिलं, मला आपला म्हणा म्हणून. बाईंनी पत्र फाईलला लावलं आणि खरेदी सोडली. कोण गाढव होता कोण जाणे."

मी म्हटलं, साहेब, आणखी साखर हवी का.

ताई, हे तू मला सांगितलं नाहीस. अकरा वर्षांची तुझी ओळ, ती लिहायची वेळ आली, आणि मी 'बोलायला काय जातं' म्हणून पत्र टाकलं. तुझं काय गेलं ते मला परक्या माणसाने सांगितलं.

मी तुझे आभार मानतो. मागच्या वेळी तू न केलेल्या गोष्टीचे मानले होते. या वेळीही न केलेल्याच गोष्टीचे मानतो: तू कुणाच्या कानावर काही घातलं नाहीस, तपासनिसाला शब्द टाकला नाहीस. टाकला असतास तर आज बाराशे वॉर्डांत नसेल, पण बाराशे पलंगांशेजारी 'खण्ण' वाजत असतं, आणि ते माझं असतं.

काम पूर्ण केल्याचा सरकारी दाखला हातात आला आहे. त्याच्या जोरावर शिक्षण खात्याच्या बाकांना अर्ज करतोय. ते खातं तुझं नाही, मी बघून घेतलं. माणसं अकराच्या अकरा आहेत, बारावा ठेवायचा विचार आहे. आणि लॉकरची पुढची निविदा निघेल तेव्हा मी ती भरणार नाही. ती फाईल तुझ्याच टेबलावर राहू दे.

खिळ्या


४ जून

खिळ्या,

कुणी निविदा भरू नये असं मी म्हणू शकत नाही, भावाला तर मुळीच नाही. तुझं पत्र मी वाचलं, एवढंच लिहिते.

तपासनिसाने चहा घेतला हे मात्र मला आवडलं नाही. त्याने माल पास केल्यावरच घेतला ना, हे दोन ओळींत कळव.

गुडघ्याने इतकं काम केलंय, तिला आता आठ दिवस बसू दे.

ताई


१२ एप्रिल

खिळ्या,

लॉकरच्या यंदाच्या निविदेचा निकाल काल जाहीर झाला, म्हणून आज लिहिते.

अडीच हजार लॉकर. फाईल पहिल्या पानापासून माझ्याकडे होती. नातेवाईक कुणी आहे का, या रकान्यात यंदा मी 'नाही' लिहिलं, आणि लिहिताना तुझी आठवण झाली. ती रकान्यात मावणारी नव्हती.

तपशिलात ओळ गेली. वरून नेहमीसारखा शेरा येईल म्हणून मी तीन दवाखान्यांच्या सिस्टरांना लिहिलं होतं, तुमच्याकडे गेल्या वर्षी आलेल्या लॉकरबद्दल काय ते कळवा. दोघींनी व्यवस्थित अभिप्राय पाठवला. तिसरीने कार्यालयीन पत्रावर एवढंच लिहिलं की दुपारी दोन ते चार आम्हाला आमच्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला आहे, कृपया जुने लॉकरही बदलून द्यावेत. ते पत्र मी टिपणाला जोडलं. साधन नाही म्हणणाऱ्यांनी या वेळी मुकाट्याने सही केली.

नमुने नऊ आले. सगळ्यांसमोर, माझ्या हाताने, एकेक दार मिटून पाहिलं. हळू. नवव्याचं दार मिटून झाल्यावर मी जरा खुर्चीत बसले. समितीतल्या नव्या मुलीने पाणी आणून दिलं. तिला वाटलं, वय झालं. तेही खरंच आहे, या महिनाअखेरीस मी निवृत्त होते.

तेव्हा पुढच्या वर्षापासून तू खुशाल निविदा भर. टेबलावर कोण असेल ते मला माहीत नाही आणि तूही विचारू नकोस.

रविवारी घरी येते. सव्वा वर्ष आले नाही. भावजयीला काही खास करू नको म्हणावं, मी पुष्कळ बसणार आहे.

आणि खोटं कशाला सांगू? यंदाच्या नऊ जणांत एकाचं दार तुझ्यापेक्षाही हळू मिटतं. भावही त्याचाच सगळ्यात कमी, म्हणून काम त्याला गेलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल. आत्तापासून तयारीला लाग.

ताई